मापाची सुतळी

रबाळ्याच्या प्रेसखाली उजवा पंजा गेला
त्याला आता सहा वर्षं.
कंपनीने जो हात दिला तो गोरा होता,
माझ्यापेक्षा पुष्कळ गोरा,
नखंसुद्धा कोरलेली, गुलाबी.
लग्नाकार्यात घालायला बरा.
एरवी कपाटात, साड्यांखाली.
कुणी चुकून कप्पा उघडला की दचकायचं.

घणसोली गावात, तळ्यामागच्या गल्लीत
गोमा मढवीचं दुकान.
नळ, एल्बो, पाइपचे तुकडे,
पाटीवर फक्त 'प्लंबर'.
नणंद ओढत घेऊन गेली.
त्याने आधी हाताकडे पाहिलंच नाही.
विचारलं, "तुला काय कराचा हाय?"

काय झालं, कसं झालं, किती मिळाले,
हे तर देवळाच्या रांगेतही विचारतात.
काय करायचंय, हे कुणी नव्हतं विचारलं.
मला एकदम सुचेना.
म्हटलं, भाकरी.
मग म्हटलं, नाही, थांबा,
आधी ब्लाउजचे हुक.
रोज लेकीला हाक मारते.
चौदाची झाली ती.
हुक लावते
आणि खिडकीबाहेर बघते.

खिशात टेप होती, पण माप सुतळीने घेतलं.
मनगटाशी एक गाठ, कोपराखाली दुसरी.
आकडे मी विसरतो, म्हणाला.
पाइपचा वीतभर तुकडा
शेगडीवर फिरवला पापडासारखा,
दार सताड उघडं, तरी वास डोक्यात गेला.
हाताला ओला टॉवेल गुंडाळून
वरून दाबला, निवेपर्यंत धरून ठेवला.
सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे.
टोकाला भोक: चमचा बसतो, कंगवा बसतो,
आणि स्पोक वाकवून केलेला बारीक आकडा.
एकशे चाळीस रुपये.
त्यातले वीस त्याने घेतले नाहीत,
"उधार ऱ्हाऊ दे, म्हंजे परत येशील."

पहिल्याच दिवशी चमचा फिरला,
वरण सगळं मांडीवर.
लेक हसली. मग मीही.
परत गेले, त्याने खाच पाडली.
परत गेले, पट्टा खालून घेतला.
पाचव्यांदा गेले
ते काही बिघडलं म्हणून नाही.

खिळ्यावर सुतळ्या टांगलेल्या, पंधरा-वीस.
नाव एकीलाही नाही.
ही कुणाची?
सरफराज रिक्षावाल्याची, पायाची,
ब्रेक उचलून हाताशी आणला त्याचा.
आणि ही? हिला चार गाठी?
तुर्भे स्टोअरच्या पोराची. उभं राहायची चौकट.
"दर जूनला वाढतो ना तो."
जुन्या गाठीपुढे नवी गाठ,
सोडलेली एकही नाही.
सगळ्यांच्या मागे एक होती, धूळ बसलेली.
तिचं विचारलं
तर तो नळाला टेप गुंडाळत राहिला.

भाकरीचं अजून जमलेलं नाही.
तांदळाची भाकर दोन्ही हात मागते.
गोमा म्हणतो, बघू.
त्याच्या 'बघू'ला मी हल्ली धरून असते.

आज सकाळी चार हुक मी लावले.
पाचवा लागेना.
लेक दारात, दप्तर पाठीला.
"लावू?"
जा तू, म्हटलं, बस जाईल.
गेली. जिन्यावरून एकदा वळून पाहिलं,
या वेळी सरळ माझ्याकडे.

पाचव्याला अकरा मिनिटं लागली.

वीस रुपये अजून दिलेले नाहीत.