मूठभर

माघ सरत आला की बदाम पेटतो.
एकदम नाही. आधी शेंड्याची दोन पानं,
मग रस्त्याकडची एक फांदी,
आणि एका सकाळी चहा घेऊन मी अंगणात येतो
तर अख्खं झाड लालबुंद,
खाली पाय ठेवायला फरशी नाही.

बदामाचं पान पडतं ते पानासारखं नाही.
रात्री दारात कुणीतरी चप्पल काढावी, तसं.
काल दोनदा उठून बघून आलो.
कुणी नव्हतं. बावड्याकडून वारा सुटला होता,
त्यात गुळाचा वास होता.

तेहतीस वर्षं उद्यमनगरात ओतकाम केलं.
लोखंडाचा ताप मी नुसत्या नजरेनं सांगायचो,
मीटर मागनं आले.
पांढरट, पिवळं, नारिंगी, मग गडद लाल,
मग काळं; पण 'थांब, हात लावू नको अजून' असं काळं.
पान त्याच वाटेनं निवतं.
हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तांबडं,
आणि फरशीवर आल्यावरसुद्धा
मधल्या शिरेत थोडी धग शिल्लक दिसते.
फरक एवढाच, याला हात लावता येतो.
मी लावतो. खराटा बाजूला ठेवून,
वाकून, कंबर कुरकुरत असताना.

घंटागाडीवरचा पोरगा टोपली बघून म्हणाला,
"ओला का सुका, मामा?"
वरचं सुकं, म्हटलं. खालचं ओलं. दव पडलंय.
"मग ह्ये कशातच बसत न्हाई बघा."
गाडी आपलं गाणं वाजवत पुढं गेली.
कोपऱ्यावरचे मगदूम म्हणाले, काडी लावा की!
नाही लावली.
धूर म्हणजे काय ते
माझ्या छातीचा फोटो धरून डॉक्टर सांगतात.
पुण्याहून पोराचा फोन: झाड काढा, पेव्हर टाका.
बघू, म्हटलं. बघतच होतो.

भिंतीपलीकडं चौगुले वहिनींनी
चटणीच्या मिरच्या वाळत घातल्यात.
संकेश्वरी, ब्याडगी, आणि आमचा बदाम.
"अहो खराडे," वरनं आवाज आला,
"नावाला तरी जागा. खराटा हिकडं बी फिरवा!"
मिरच्यांवर खराटा कसा फिरवणार?
गेलो, बसलो मांडी घालून,
लालातनं लाल वेचत.
चार शिंका वहिनींच्या, नऊ माझ्या.
डोळ्यांना पाणी, ते पुसायला हात नाही,
हाताला मिरची.
इतकं हसलो नव्हतो मी
कारखान्याचं फाटक शेवटचं ओलांडल्यापासून.
त्यांनी एक पान ठेवून घेतलं, सगळ्यात मोठं,
त्याच्यावर देठांतनं सांडलेलं बी गोळा केलं
आणि पुडीसारखं दुमडून माझ्या खिशात घातलं.
"भाडं," म्हणाल्या. "झाडाचं."

घरामागं, टाकीच्या शेजारी, माझा खड्डा आहे.
यंदाची पानं त्यात लोटायची म्हणून
आधी गेल्या सालचं उपसलं.
खाली पान नव्हतंच.
काळं, मऊ, गार,
आणि वास असा की मी फावडं टाकून उभा राहिलो.
आमची साच्याची वाळू!
पहिल्या दिवशी मिस्त्रीनं शिकवलं होतं:
मुठीत घे. दाब. उघड.
बोटं उमटली पाहिजेत.
मग मधनं मोड; कडा सांडल्या
तर पाणी कमी.

घेतलं. दाबलं. उघडलं.
पाची बोटं उमटली होती,
तर्जनीवरचा भाजल्याचा वळ धरून.
मोडलं मधनं. कडा शाबूत.

साचा तयार आहे, असं ओरडायची सवय.
ओरडलो नाही, तोंडापर्यंत आलं तेवढंच.
भट्टी कुठली, ओतणार काय,
खिशात फक्त ती पुडी,
आणि मिरची अजून झोंबतेय नखांत.

अंगणात, मागं वळेपर्यंत,
तिघा-चौघांनी चपला काढल्या.