शेरा : घर बंद

माझं काम जिन्याखालचं.
कुणाच्याही घरात मी मीटरपर्यंतच जाते.
चपला, पाण्याचं बॅरल, टेकवलेली सायकल,
तिथून पुढचं घर माझं मीच बांधते.

मंगळवार पेठ, मग शुक्रवार पेठ.
दिवसाला दीडशे मीटर, मोबाईलनं फोटो,
आकडा धूसर आला तर पुन्हा जिना.
फोटो काढता काढता डोळा आत सरकतो :
ही खिडकी बुजवली कुणी? मी नसती बुजवली.
फडताळाची दारं काढून टाकायची,
माडीवर उजेडाकडं तोंड करून
धाकटीचं टेबल.
"काय बघतीस गं?" आतून आवाज.
"रीडिंग, काकी."

रविवारी आम्ही विकत मिळणारी घरं बघतो.
संकपाळ एजंट पुढं, आमची गाडी मागं,
पाचगाव, कळंबा, परवा तर थेट उसाच्या कडेला.
फक्कीनं आखलेल्या जमिनीत उभं करून म्हणतो,
"ह्यो तुमचा हॉल. हवा बघा वहिनी, नुसती हवा!"
हवा असणारच.
भिंती नाहीत तिथं दुसरं काय असणार?
तयार फ्लॅट असला की सर्जेराव टिचकी मारून बघतात,
फौंड्रीतली सवय, बिडाचा आवाज ओळखायची.
पोकळ वाजलं की बोलत नाहीत काही,
रुमालानं मान पुसतात.
येताना गंगावेशीत म्हशीशेजारी उभं राहून दूध.
हप्ता किती बसेल, ते पेल्याच्या तळाशी फेसात बघत
दोघं गप्प.

पण एक घर आहे.
नदीच्या अंगाला, बोळ संपतो तिथं.
दगडी जोतं, कौलं, वर एवढीशी माडी.
भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ,
माझ्या गळ्याइतकी.
पाटीवर नुसतं 'हावळ', पुढची अक्षरं पाण्यानं नेली.
मीटर बाहेरच्या भिंतीला, म्हणून कुलपाशी भांडण नाही.
दर महिन्याला तोच आकडा, चार हजार दोनशे सोळा.
वापर : शून्य.
शेरा : घर बंद.
मग मी जोत्यावर बसून डबा खाते
आणि भाकरी संपेपर्यंत
तिथं राहून घेते.

मागं न्हाणी असावी.
न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला शेवगा असावा,
त्याचा शेंडा कौलांवरून दिसतो, तेवढाच पुरावा.
शेंगा कुणी काढत नाही.
वाळून खडखडतात,
आत कुणी भांडी आवरत असल्यासारख्या.
हे घर मी सर्जेरावांना सांगितलेलं नाही.
ते किंमत विचारतील.
आजवर मी ती विचारलेली नाही
म्हणून तर ते मला परवडतंय.

मागच्या बुधवारी
चार हजार दोनशे एकोणीस.

तीन युनिट म्हणजे किती, ते मला विचारा.
साठचा पिवळा बल्ब
पन्नास तास.
म्हणजे कुणीतरी आलं होतं, रात्रीचं थांबलं होतं,
झोपलं नव्हतं बहुतेक.
कुलूप तेच, पण तेल दिलेलं.
वर बघितलं तर शेंगा नव्हत्या.
एकही नाही.

फोटो धूसर आला.
पुन्हा काढला, हात कशानं हलत होता कोण जाणे.
यादीत शेरे चारच : चालू, बंद, नादुरुस्त, पत्ता सापडत नाही.
बराच वेळ अंगठा तसाच वर.
डबा न उघडता पुढच्या बोळात गेले.
दिवसभर एकच घोकत होते :
माझ्या घरात मला न विचारता
कोण राहून गेलं?

रात्री फुलेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत,
घरमालकाच्या सबमीटरखाली भाकऱ्या थापताना
मी विचारलं,
"साठचा बल्ब मिळतो का हो अजून? पिवळा?"
"कशाला? बिल येतंय ते कमी हाय काय?"
"असंच."
त्यांनी चिमणी बघितली, तवा बघितला, मला बघितलं.
मग म्हणाले,
"रविवारी साडेदहाला येतोय संकपाळ.
ह्या वेळी जुनं घर हाय म्हणतोय, शुक्रवार पेठेत,
नदीकडं."

भाकरी करपली एका बाजूनं.
ती मी माझ्या ताटात घेतली.