लाइन आली जी

धंतोलीच्या रक्तपेढीत
फ्रिजवर एक छोटा स्क्रीन आहे.
त्यावर आकडा असतो : चार, कधी साडेचार.
सहाच्या वर गेला की घंटा वाजते.
मागच्या खोलीत धुळकट सर्व्हर,
त्यात मी लिहिलेला एक प्रोग्राम,
दर मिनिटाला फ्रिजचा ताप बघतो
आणि वहीत टिपून ठेवतो.

मे महिन्यात लाइन जाते.
जनरेटर खोकत खोकत लागतो,
फ्रिज घुमू लागतो, सर्व्हर जागा होतो,
प्रोग्राम उठत नाही.
स्क्रीनवर दोन आडव्या रेघा.
मग रात्रपाळीचे झनकलाल टेंभरे
मला मानेवाड्यात फोन लावतात.
"लाइन आली जी मॅडम. तुमचं ते झोपूनच हाय."

तीन उन्हाळे.
गच्चीवर, ओल्या चादरीत, एक डोळा उघडून
मी मोबाइलवर एक ओळ टाइप करायची.
रेघांच्या जागी चार यायचा.
काका म्हणायचे, "आला जी."
एवढंच आमचं बोलणं.
त्यांच्या मुलीचं लग्न गोंदियात झालं
हे मला रेघा आणि चार यांच्या मधल्या
अकरा सेकंदांत कळलं.

परवा बसले शेवटी.
एक लहानशी फाइल, दहा-बारा ओळींची.
नेटवर्क उठल्यावर तू ऊठ, आधी नको.
पडलास तर परत ऊठ.
पण लगेच नाही, पाच सेकंद थांब.
इतक्या स्पष्ट शब्दांत
मला कधी कुणी काही सांगितलेलं नाही.

तरी चालेना.
मी हातानं लावला की पळायचा,
आपला आपण उठला की पडायचा.
बाहेर शेहेचाळीस, आत मी लॉग वाचतेय.
चार वाजता लक्षात आलं :
मी लावते तेव्हा माझं घर त्याला ठाऊक असतं,
कुठली वही, कुठल्या कप्प्यात.
एकट्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.
'पेट्रोल पंपावरून आत, पिंपळाच्या बाजूला'
असला पत्ता त्याला पुरत नाही.
मुळापासून सांगावा लागतो, एकेक तिरकी रेघ देत.
सांगितला.

स्टार्ट म्हणजे आत्ता.
एनेबल म्हणजे उद्या, मी नसताना.
मला वाटायचं, एनेबल म्हटल्यावर
आत काहीतरी मोठं होत असेल.
काही नाही. एका फोल्डरात एक दुवा पडतो,
दुसऱ्या फाइलकडे दाखवलेलं बोट, बस.
मशीन उठताना तिथे डोकावतं
आणि बोट ज्याच्याकडे आहे त्याला हलवून जागं करतं.

"काका, सर्व्हरचा स्विच पाडा."
"आत रक्त हाय जी."
"फ्रिजला काही होत नाही. पाडा."
त्यांनी आधी चप्पल काढली, मग स्विच पाडला.
दहापर्यंत मोजून परत लावला.
पंखा. हिरवा दिवा. दोन रेघा.
रेघाच.
रेघाच.
चार.

काका स्क्रीनकडे बघत राहिले.
"म्हणजे आता फोन नाही करायचा?"
"नाही काका."
"बरं जी," म्हणाले
आणि चप्पल शोधायला वाकले.
ती समोरच होती.

शुक्रवारी रात्री लाइन गेली, आमच्याकडेही.
यंदा घेतलेला कूलर थांबला,
वाळ्याचा वास तेवढा खोलीत उरला.
दोन चाळीस. दोन पन्नास.
मोबाइल उघडायचा नाही असं ठरवलेलं.
लॉगमध्ये नोंद पडली असेलच,
तास, मिनिट, सेकंद, सर्व्हिस सुरू.
कूलर कोरडाच घरघरायला लागला
आणि दोन त्रेपन्नला फोन वाजला.

"मॅडम, उठलं जी ते. आपल्या आपण.
सांगाव म्हटलं. झोपा तुम्ही."

मी हो म्हटलं
आणि कूलरमध्ये पाणी टाकायला उठले.