सात सेकंद

राजपत्र आधी अरबीत आलं, मग इंग्रजीत,
मग नफीसा होडेकरनं चहा गार होईस्तोवर चाळून
आम्हाला मराठीत सांगितलं:
एकसष्ट पानं आहेत, घाबरू नका,
आपल्या अर्ध्या तासापुरती तीनच कलमं.

कायदा वाईट नाही, हे मी आधी सांगून टाकतो.
जाहिरात आता कार्यक्रमापेक्षा मोठ्यानं ओरडणार नाही.
टीव्हीवरच्या बातम्यांना बहिऱ्यांसाठी कोपऱ्यात हात दिसतील.
मनामातल्या एवढ्याशा स्टेशनलासुद्धा
परवाना मिळेल, शिक्क्यासकट, पाच वर्षांचा.

प्रसारणाला अरबीत इज़ाआ म्हणतात.
नफीसा म्हणाली, गुपित फोडण्यालाही हाच शब्द.
आम्ही हसलो. नंतर यंत्र आलं,
जेवणाच्या डब्याएवढं, वर एक लाल बटण.

तोंडातून सुटलेला शब्द परत घेता येत नाही म्हणतात.
आता येतो.
थेट फोन हवेत जाण्याआधी सात सेकंद थांबतो,
आणि तेवढा वेळ तो माझ्या अंगठ्याखाली असतो.
मी दाभोळचा. फेरीबोटीवर तिकिटं फाडायचो.

शुक्रवार, दुपारी साडेतीन.
सलमाबादच्या कॅम्पातून रत्नाकर आग्रे, सुतार,
गाव धोपावे, म्हणजे आमच्या दोघांत फक्त खाडी.
पोरगी दहावी पास झाली, शाबासकी द्यायची होती.
ती तिकडे मोबाईलवर ऐकत होती.
आधी नाव, मग ओळखपत्राचा नंबर, कलम अठरा, घेतला.
मग त्यानं शाबासकी दिली, चांगली दिली,
आणि त्याच श्वासात म्हणाला,
सायकल घेतो गं तुला, नक्की घेतो,
चार महिने पगार नाय झाला, ही कंपनी म्हणजे…
आणि नाव घेतलं.

पुराव्याविना संस्थेचं नाव: कलम एकवीस.
अंगठा माझ्याआधी शहाणा झाला होता.

बटणाला निवडता येत नाही.
कंपनीबरोबर चार महिने गेले,
चार महिन्यांबरोबर सायकल.
लोकांनी ऐकलं, शाबास पूर्वा,
आणि लगेच आमची धून, सतारीची, बऱ्यापैकी.

पण कायदा बारकाईनं लिहिलाय.
जे कापाल तेही जपा, कलम चौतीस, नव्वद दिवस,
कोणी तक्रार केली तर दाखवायला.
तक्रार कोण करणार?
ज्याचं कापलं त्याला कापल्याचं कळत नाही.
मी शिफ्ट संपल्यावर हेडफोन लावून ऐकायचो.
सात सेकंद. मागे कोणीतरी कुकर उतरवतंय,
शिट्टीची उरलेली वाफ,
आणि सायकल म्हणताना त्याचा आवाज थोडा वर जातो.
कॉपी करायला बंदी आहे.
केली नाही. धीट माणसाची गोष्ट नाही ही.

काल नव्वदावा होता. यंत्रानं आपणहून पुसलं.

आज शुक्रवार. दुसऱ्या लाईनवर आग्रे.
नंबर तोच, आवाज जरा बसलेला.
साहेब, तेव्हाचं माझं सगळं लागलं ना हो?
आम्ही बोलताना खोलीतला रेडिओ बंद करतो,
तुम्हीच सांगता ना, आवाज घुमतो म्हणून.
पूर्वा म्हणते, बाबा, तुम्ही सायकलचं
काही बोललाच नाहीत.

हे त्यानं थेट विचारलंय, कार्यक्रमात.
म्हणजे अजून कोणीच ऐकलेलं नाही,
फक्त तो, मी आणि काचेपलीकडची नफीसा.
ती माझ्याकडे बघते: काय उत्तर देऊ?
अंगठा मी मांडीखाली दाबून धरलाय.
आणि काचेतून, आवाज न करता,
ज्याला कलम नाही अशा नुसत्या ओठांनी
तिला सांगतोय:
बोलला होता. सायकल.
बोलला होता.