चौथा स्क्रू

जूनपासून इतिहास आणि भूगोल एकच विभाग,
असं परिपत्रक आलं तेव्हा
वेंगुर्ल्याच्या आमच्या स्टाफरूममध्ये
कुणी मान वर केली नाही.
तीन वर्षांतलं हे चौथं.
आधीच्या तिन्हींवर आमच्या सह्या आहेत
आणि चहाचे गोल डाग.

"इचारूक कोण येता?"
ग्रंथालयातले दाजी कुबल म्हणाले,
"वारो सुटलो काय कळताच."

नेवगी मॅडम आल्या त्या कोरे कागद घेऊन.
नवं काय मिळेल ते राहू दे, म्हणाल्या,
तुमचं काय जाईल ते लिहा.

खवणेकर सरांनी लिहिलं: खडकांचं कपाट.
जांभ्याचे एकवीस तुकडे,
प्रत्येकाखाली आणणाऱ्या पोराचं नाव.
शिरीनने लिहिलं: अकराचा तास,
खिडकीतून बंदरातल्या लाँची दिसतात तो.
मी बराच वेळ पेन नुसतं धरून.
मग लिहिलं: पन्नाशीत पुन्हा
वर्गासमोर कच्चं दिसण्याची भीती.
(हे जाणार नाही, येणार आहे,
तरी लिहिलं.)

शुक्रवारी त्यांनी सगळं वाचलं, नावं न घेता.
कपाट राहील.
अकराचा तास मला वाचवता येणार नाही.
आणि ती भीती... मलाही आहे.

त्या 'नाही'नंतर
खुर्च्या पुढे सरकल्या.
कुणी वेळापत्रक मागितलं, कुणी खोडरबर.

संध्याकाळी सुकती लागली होती.
खवणेकर सर दाजींकडून डिसमिस घेऊन
'भूगोल'ची पाटी स्वतःच काढत होते.
खाऱ्या हवेने गंजलेले स्क्रू;
तीन निघाले.
चौथ्याला हात लावून म्हणाले,
"हा असू दे आजच्या दिवस."

पाटी तिरकी लोंबत राहिली,
वाऱ्याने मधूनमधून
दारावर वाजत.