पत्ता अपुरा

फ्रीजमध्ये, लोण्याच्या डब्याशेजारी,
काचेच्या बाटलीत ती बसली आहे,
थंडीने जरा शहाणी झालेली.
सकाळी रिस्तनाच्या टोकाला, दीपगृहाच्या खालच्या अंगाला,
पांढऱ्या छत्रीफुलांवर
खुंटीला टांगल्यासारखी थांबली होती,
खुंटी मात्र हवेत.

अंगात गांधीलमाशीचं जाकीट, उसनं.
नांगी नाही. पंख दोनच.
पंखात ती एक खोटी शीर,
कुठून निघत नाही, कुठे पोचत नाही,
पण तिच्यावरूनच घराणं कळतं.
एवढं मलाही कळतं.
पुढचं नाही.

अडतीस वर्षं मी या बेटावर टपाल वाटलं.
पावसात शाई ओघळलेलं, दारू पिऊन लिहिलेलं,
नुसतं ‘मैमू, निळं फाटक’ एवढंच:
सगळं पोचवलं.
आणि ही सव्वा सेंटिमीटरची,
हिच्यावर सगळं लिहिलेलं आहे बारीक अक्षरात
आणि मला वाचता येत नाही.

हेल्दुर मास्तरांचं पुस्तक काढते.
ते गेल्यावर त्यांच्या मुलीने आणून दिलं,
‘तुम्हाला माश्या आवडतात ना’, म्हणून.
एकोणीस: चेहऱ्यावर मधोमध उंचवटा?
आहे. तेवीसवर जा.
तेवीस: मिशीचा केस पिसासारखा?
भिंग डोळ्याला लावून श्वास रोखते.
पिसासारखा. बहुतेक. उजेड वाईट आहे.
सत्तावीस: मागच्या मांडीखाली दात आहे का,
आणि समासात पेन्सिलीने मास्तर:
‘इथेच माशी शिंकते. ऑगस्ट ७४.’
त्याखाली आणखी बारीक:
‘किनाऱ्यावरची पाहायला हवी. परवाना नाही.’

तेव्हा किनारा आमचा नव्हता.
रोज संध्याकाळी सैनिक वाळूवर दंताळं फिरवायचे,
रात्रीत कुणाचं पाऊल उमटलं ते सकाळी बघायला.
दीपगृहाची पत्रं चौकीत ठेवून
मीसुद्धा तिथूनच सायकल वळवायचे.

मास्तरांच्या यादीत एकशे बारा नावं.
कुरणातली, कबरस्तानातली,
शाळेमागच्या लायलॅकवरची.
सगळी तारेच्या अलीकडची.
भाचा फोटो बघून विचारतो, ‘नवीन आहे का गं?’
नवीन कसली.
वाळूत पाऊल न उमटवता
ती चौकीवरून ये-जा करत होती,
फुलं उघडी होती,
बंदी फक्त बघणाऱ्यांना होती.

बाटली बाहेर काढते.
दात बघायचा तर पाय ओढायला हवा,
पाय ओढायचा तर आधी सुई.
नावं ठेवणारे या बेटावर पुष्कळ भेटले,
नाव ठेवणारा एकच माणूस,
त्याचा हात सुई टोचताना कापायचा
असं त्याची मुलगी म्हणाली.
मी सुई शोधायला ड्रॉवर उघडते.
बटणं, रबरं, कुणाच्या तरी सायकलची किल्ली.

तोवर काचेला उन्हाची ऊब लागते.
ती पुढचे पाय एकमेकांवर चोळते,
जागच्या जागी थरथरून अंग तापवते.
झाकण मी लावलं होतं ना?
खिडकीच्या चौकटीत क्षणभर,
काहीही न धरता, उभी.
मग चौकटीत नुसता समुद्र.

लेबल आधीच लिहून ठेवलं होतं:
रिस्तना. नऊ जुलै. छत्रीफुलावर.
मिळवणारी: लेइदा.
आमच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘सापडणं’ असाही होतो,
आईने तेवढा विचार केला नसावा.
वरची ओळ कोरी.

पुस्तक मिटण्याआधी
सत्तावीसपाशी, मास्तरांच्या अक्षराखाली, लिहिते:
परवाना आता लागत नाही.
मादी होती. डोळे वेगवेगळे.
दात पाहायचा राहिला.