पातळी

रोज सकाळी आठला मी धरणाची पट्टी वाचतो.
पांढऱ्यावर काळे आकडे, खाली शेवाळ,
आणि रजिस्टरात पाच रकाने :
तारीख, वेळ, पातळी, पाऊस, शेरा.
शेऱ्यात बावीस वर्षं एकच शब्द. निरंक.

पाणी दोनशे सत्त्याऐंशीखाली गेलं
की जुन्या बोरखडीच्या चर्चची पायरी दिसते,
पंच्याऐंशीला विहिरीचं तोंड.
माय त्र्याऐंशीवर आहे.

मोबदल्याच्या फॉर्मात झाडं होती,
आंबा वेगळा, बाभूळ वेगळी,
गोठा, विहीर, कुडाच्या भिंती.
थडग्यांना रकाना नव्हता.
तलाठी म्हणाला, "इतर"मध्ये लिहा.
आम्ही लिहिलं : इतर, एकोणीस.

नवं गाव आकाशातून उतरलं नाही.
ट्रकमधून उतरलं, टिनाचे पत्रे, खुंट्या, चुना,
अठरा नागरी सुविधा,
त्यातल्या सहा अजून कागदावर.

हनोख कंपाउंडर
(मिशनच्या दवाखान्याला कुलूप लागलं, नाव तेच राहिलं)
जुन्या गावात रविवारी शेवटलं पुस्तक वाचायचा.
मी कानात बोटं घालायचो.
घोडे, अजगर, वाट्या ओतणारे दूत,
आणि बाभळीमागून रक्ताचा चंद्र,
जो मला घरी जाताना खरंच दिसायचा.
"अबे, भेतं काऊन?
ताप चढला का मानूस बरयते. पन पुढं वाच ना.
आखरीच्या पानावर कोनीतरी डोये पुसते."

मायनं त्यातलं एवढंच धरून ठेवलं :
तिथं ऊन लागणार नाही.
शेचाळीस डिग्रीत, शिलाई मशीनवर,
डोक्यावर ओला टॉवेल घेऊन ती म्हणायची,
"सोन्याची सडक राहू दे बापा.
ऊन नाही म्हन्ते ना, झालं."

आणि समुद्र नसेल, हे आम्हाला कोडंच होतं.
बोरखडीत कुणी समुद्र पाहिला होता?
जे नाहीच ते नसणार,
यात आशा ती कसली?
मग धरणाची दारं पडली,
पहिल्या पावसाळ्यात मी टेकडीवर उभा राहिलो,
आणि ती ओळ मला कळली.

यंदा तेवीस मेला पट्टीवर
दोनशे ब्याऐंशी पूर्णांक नव्वद.
रजिस्टर तसंच उघडं टाकून हनोखला घेऊन आलो.
एक्क्याऐंशीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू,
माझ्या खांद्यावर हात.
भेगाळलेला गाळ, शिंपले, कुणाची तरी एक चप्पल.
भोयांनी गाळपेरात डांगरं लावलेली
पार दफनभूमीपर्यंत,
पण एकही वेल थडग्यावर चढू दिलेला नाही.
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

मायच्या क्रूसाचा एक हात मोडला होता.
दुर्कस, या तीन अक्षरांतलं
पहिलं तेवढं उरलं होतं.
हनोखनं ते बोटानं वाचलं.
मग बाकीची दोन, जी नव्हती, तीही.
"पान्यानं देल्ली पाय वापस."
"जुलैत नेईल पुन्हा," मी म्हणालो.
"नेऊ दे. हिसाब पान्याजोळ नाही."

मी आमेन म्हटलं नाही.
एका भोयानं डांगर फोडून दिलं,
तिघांनी उभ्या उभ्या खाल्लं,
बिया तिथंच थुंकल्या.

चौकीत परतलो तेव्हा साडेदहा.
त्या पुस्तकात एक दूत आहे,
सोन्याची पट्टी घेऊन नगर मोजणारा.
त्यालाही रजिस्टर असेल का,
रकाने आखलेलं?
मरण, निरंक.
शोक, निरंक.
रडणं, निरंक.
समुद्र, निरंक.
बावीस वर्षं मी हाच शब्द लिहितो आहे
आणि तो इतका भरलेला असू शकतो
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

वेळ : आठ, असं खोटं लिहिलं.
पातळी खरी लिहिली.
शेऱ्यात लिहिलं : माय दिसली.

साहेब लाल शाईनं खोडतील,
खुलासा मागतील.
खुलाशाला सात दिवसांची मुदत असते.